पुढची चाकं

सत्तावीस नंबर काल देवनारच्या चढावर गेली.
गेली म्हणतो आम्ही, माणसासारखंच.
रुतलेला कॉम्पॅक्टर ओढायला तिला बोलावलं होतं.
मागची चाकं कचऱ्यात विहीर खणत राहिली,
तेव्हा हिरामणनं छोटा दांडा टाकला,
जो त्यानं दोन पावसाळे टाकला नव्हता.
पुढची चाकं एकदाच थरारली,
झोपेत कुणी नावानं हाक मारावी तशी,
मग खालून कुऱ्हाड बसल्याचा आवाज,
आणि शाफ्ट सुटून
कचऱ्यात तोंड खुपसून पडला.
घारी उठल्या. परत बसल्या.

गोणपाट टाकून मी खाली शिरलो.
पाठीखाली करवंटी, एक चप्पल, कुणाचा तरी एक्स-रे.

क्रॉसच्या चार टोप्या. प्रत्येकीत
कारखान्यात कुणीतरी मोजून भरलेल्या बारीक सुया.
टोपी काढली तर सुया नाहीत,
तपकीर.
लाल, कोरडी, बोटाला लागली.
शिंक येईल असं वाटलं, आली नाही.
ट्रान्सफर केसचा नट सोडला:
तेल कसलं, कटिंग चहा,
वर साय धरलेला.
पाणी आत कधीपासून राहत होतं, भाडं न देता.

आणि ग्रीसचं निपल सापडेचना.
अंगठ्यानं चाचपत गेलो,
रंगाखाली एक गाठ लागली.
दर वर्षी साहेबांची पाहणी, दर वर्षी पिवळा रंग,
चेसिसला, पाट्यांना, निपलच्या तोंडालाही.
सात थर. नखानं मोजले.
बाहेरून वऱ्हाडाला निघालेली गाडी,
घसा कोरडा.

लाझरसमामा डिमेलो आमचा शेवटचा ग्रीसर.
म्हणायचा, नवीन दिसलं म्हणून हात थांबवू नको रे,
आधी काळं येतं, मग लाल येतं,
लाल संपेपर्यंत मार.
तो निवृत्त झाला. जागा भरली नाही.
गन खिळ्याला टांगलेली राहिली,
तिची नळी उंदरांनी खाल्ली.
रजिस्टर मात्र भरत राहिलं.

हिरामणचं अक्षर मोठं, चौथीतल्या पोरासारखं:
"पुढून टक टक आवाज येतो."
"क्लच सोडल्यावर टक."
"वळताना पण."
"आवाज येतो साहेब."
मार्चमध्ये एकदा नुसतंच "येतो."
आणि प्रत्येकासमोर निळ्या पेनानं, ऐटीत,
"पाहिले. ठीक."
सही माझी.

पाहिलं नव्हतं असं नाही.
पुढची चाकं फिरतात, एवढं मी पाहिलं होतं.
ती फिरणारच, मागून ढकलली जातात म्हणून.
फिरणं आणि ओढणं
यांच्या मधे एक दांडा असतो,
तो मी कधी टाकून बघितला नाही.

आज बत्तीस नंबर खड्ड्यावर घेतली.
बायकोच्या मशीनच्या सुईनं रंग कोरला.
गनला नवी नळी, पैसे माझेच.
दाबलं. काही नाही. पुन्हा. काही नाही.
अकराव्या दाबाला काळं आलं,
मग लाल, बराच वेळ लाल,
दंड भरून आला तरी लाल.
साहेब म्हणाले, बत्तीसची तर तक्रारच नाही.
म्हटलं, तिचा ड्रायव्हर लिहीत नाही.

संध्याकाळी हिरामणला वर बसवलं.
पहिला गिअर, छोटा दांडा, माणसाच्या चालीनं.
डांबरावर नको, मागच्या खडीवर घे,
डांबर चारी चाकांना आपसात भांडायला लावतं.
मी पुढच्या चाकाशेजारून चाललो,
कान खाली, हात गुडघ्यावर,
म्हशीमागून चालावं तसा.
वॉचमनची पोरं हसली.

"येतो का?" हिरामणनं वरून विचारलं.

मी हात वर केला.
चालव.
अजून ऐकतोय.