शेवटची अकरा मिनिटं

कॅसेटी तीनच.
इब्राहिमचाचा मुकादम बोटीवरून कायमचे उतरले
तेव्हा ट्रंकेत साबणाच्या वड्या, एक लोकरी टोपी,
आणि साउदॅम्प्टनच्या कुठल्या गल्लीत घेतलेल्या या.
"गाणीबिनी असतील, बघा तुम्ही पोरं."

हर्णैत तेव्हा व्हीसीआर दोन.
एक सरपंचांकडं, तिथं फक्त देवाधर्माचं.
दुसरा आमच्या बर्फाच्या कारखान्यात,
पावतीपुस्तकांच्या कपाटावर.
मी रात्रपाळीला, कॉम्प्रेसरवर.
अमोनियाचा वास, आणि गोऱ्या माणसांचा आरडाओरडा.

पहिली कॅसेट, पावसातलं मैदान.
गिटारवाला नखशिखांत भिजलेला, तरी वाजवतोय.
याला शॉक कसा लागत नाही, हाच पहिला प्रश्न.
अर्थिंग नीट केलं असणार.
मग कुठं गाण्याकडं लक्ष गेलं.

दुसरी काळीपांढरी.
गाणं कमी, व्हॅनमधला प्रवास फार.
ड्रमवाला तोंड उघडं टाकून झोपलाय
आणि कुणीतरी त्याच्या दोन बुटांच्या नाड्या
एकमेकींना बांधतंय.
इंग्रजी कळत नव्हतं.
हसायचं कुठं ते कळत होतं.

तिसरी.
तिकडचंच एक बंदर, नाव वाचता आलं नाही.
जेटीच्या टोकाला स्टेज. मागं जाळी, पाट्या, दोरखंड,
ओहोटीच्या चिखलात एका कुशीवर कललेली होडी.
आपल्याकडं येऊन गेले की काय हे लोक!
गाणारा मध्येच थांबतो.
एक कुरव त्याच्या पायाजवळचा पाव उचलून पळतो,
आणि हजार माणसं पक्ष्यासाठी टाळ्या वाजवतात.
इथं टेप दरवेळी अडकायची.
खारी हवा, बुरशी.
स्पिरिटचा बोळा फिरवायचा, ट्रॅकिंगचं बटण
अंगठ्यानं दाबून धरायचं, श्वास रोखून,
जसं सुकाणू धरतात खाडीच्या तोंडाशी.

मग शेवटचं गाणं. सूर्य बुडायला आलेला.
ड्रमवाला दोन्ही काठ्या डोक्यावर नेतो,
आणि खाली येतो तो आवाज दफाचा.

मुकादमांच्या बिलकीसचं लग्न.
दापोलीत त्या दिवशी कोरी कॅसेट मिळाली नव्हती.
विकतच्या कॅसेटीचा कोपरा मोडलेला असतो,
त्यावर चिकटपट्टी लावली की पुन्हा रेकॉर्डिंग होतं,
ही अक्कल मीच शिकवली होती त्यांना.

अकरा मिनिटं.
नवऱ्याच्या सेहऱ्याआडून खोकला.
खुर्च्या मोजत फिरणारे चाचा, डोक्यावर तीच लोकरी टोपी,
भर मे महिन्यात.
कुणाचं तरी पोर कॅमेऱ्याला जीभ दाखवतं.
आणि नवव्या मिनिटाला, डाव्या कडेनं,
खांद्यावर गोणपाट, गोणपाटावर लादी,
पाण्याची धार पाठीवरून चड्डीपर्यंत,
बर्फ घेऊन येणारा एक सडपातळ माणूस.
मीच तो.
विलायती बॅंडच्या सिनेमात मी चार सेकंद आहे.

शंभरदा पाहिली असेल ती कॅसेट.
जेटी, कुरव, दफ, बर्फ.
पुढं पुढं मला ते एकच गाणं वाटायचं.

चाचा गेले. कारखाना बंद पडला.
कपाटासकट व्हीसीआर कुणी नेला, विचारलं नाही.

परवा भाचा आला पुण्याहून, मिलिंद.
मी कुरव सांगितला, पाव सांगितला.
त्यानं फोनवर अर्ध्या मिनिटात ते बंदर शोधून दिलं,
एवढं स्वच्छ की चिखलातल्या खेकड्याची भोकं दिसावीत.
शेवटचं गाणं पहिल्यांदाच पाहिलं मी,
छत्तीस वर्षांनी.
काठ्या ड्रमवरच पडल्या.
चांगलं गाणं आहे. लांब आहे, हळू चढतं,
शेवटी सगळे वाकून नमस्कार करतात, दिवे जातात.

मी फोन हातात तसाच धरून बसलो.
"संपलं मामा," मिलिंद म्हणाला.
हो रे, म्हटलं.
बर्फ यायचाय अजून.