डायनॅमो

तांडेलांनी एकदा मला विचारलं होतं,
मिस्त्री, खरं सांग, कुठली गाडी चांगली?
मी तेव्हा त्यांच्याच गाडीखाली,
पाठीला पुठ्ठा, दातात पाना,
काळं तेल कानाशेजारी ठिबकतंय.
म्हटलं, तुमचीच.
दुसरं काय म्हणणार.

दारूखान्यात तेव्हा दोनच जाती होत्या,
टाटावाले आणि लेलँडवाले.
रघुवीर तांडेल जन्मानं टाटावाले.
थोरलीच्या लग्नात रुखवतावर साखरेचा ट्रक,
त्याच्याही कपाळावर त्यांनी कंपनीचं नाव घालून घेतलं,
विहीणबाई हसल्या तरी.

समोरच्या गाळ्यात मॅन्युएल तुस्कानो,
स्टिअरिंगपुढे मोत माउली,
आणि गाडी कायम लेलँड.
चढणीला तुझी रडते, हे म्हणायचे.
उतारावर तुझी बापाचं ऐकते का, ते म्हणायचे.
चहा एकाच किटलीतला.

दोन्ही गाड्यांची पोटं मी पाहिलीत.
जहाजाचे पत्रे वाहून कमानी
दोघींच्या सारख्याच खचायच्या.
ग्रीस मात्र दोघंही स्वतः मारायचे,
दर शनिवारी, बनियनवर,
एकमेकांकडे पाठ करून.

एका रविवारी तुर्भ्याहून येताना
खाडीपुलावर तांडेलांची गाडी मेली.
मागून तुस्कानो आले. काही न विचारता दोर बांधला.
पुढे लेलँड, मागे टाटा,
मानखुर्द, चेंबूर, शिवडी,
रे रोड दिसायला लागला तसा तांडेलांनी हॉर्न दाबला.
वाजेना. मग ओरडले.
उतरले, गोणपाट घेतलं,
आणि ओढणाऱ्या गाडीच्या तोंडावरचं नाव झाकायला लागले.
तुस्कानो बघत राहिले थोडा वेळ.
मग दुसऱ्या बाजूची गाठ
त्यांनीच मारली.

डायनॅमो जळाला होता.
कुर्ल्याची दुकानं बंद, पहाटे माल भरायचा.
तुस्कानोंच्या माळ्यावर एक पडून होता,
त्यांच्या आधीच्या गाडीचा.
मी मागितला. कुणासाठी, ते त्यांनी विचारलं नाही.
रात्रभर बसून ब्रॅकेटचं भोक वाढवलं,
एक वॉशर जादा टाकला, वरून काळा रंग,
आणि बिलात लिहिलं, दुरुस्ती.

अकरा वर्षं चालला तो.
अकरा वर्षं तांडेल किटलीपाशी सांगत राहिले,
बघा, कंपनीचा माल,
अजून उघडावा लागला नाही.
तुस्कानो बशीत चहा ओतायचे,
फुंकर जरा जास्त वेळ मारायचे.
मी पान्याचे नंबर वाचत बसायचो.

तुस्कानो गेले त्याच्या पुढच्या वर्षी
तांडेलांच्या गाडीचंही पासिंग संपलं.
जिथे तिनं आयुष्यभर भंगार वाहिलं
त्याच यार्डात तिला लावली. गॅसकटर तयार.
तांडेलांनी तोंडावरची चारी अक्षरं
स्वतःच्या हातानं खोलली,
रुमालात बांधली,
स्क्रूसुद्धा.

मग म्हणाले,
मिस्त्री, तो डायनॅमो काढ.
मॅन्युएलच्या घरी देऊन ये.

मी पाना शोधायला लागलो.
हातातच होता.

कधी कळलं, मी विचारलं.
आवाज वेगळा होता रे, म्हणाले.
पहिल्या दिवशीच.
आणि रुमालाची गाठ
उगाच पुन्हा सोडून बांधली.

माझगावात, माथारपाखाडीत,
फिलोमिनाबाईंनी दार उघडलं.
हे काय, मिस्त्री?
म्हटलं, उसना नेला होता.
त्यांनी कालचा पेपर आणला,
फरशीवर अंथरला, तेलाचा डाग पडेल म्हणून.
चालतो अजून?
हो.
मग ठेव, म्हणाल्या,
आणि पेपरची घडी
आणखी एकदा सरळ केली.