पूर्ण एक मिनिट

उलानबातरमध्ये जानेवारीत
सकाळचे आठ वाजले तरी उजाडत नाही.
टेकडीवरच्या तंबूवस्तीतून कोळशाचा धूर
रांगत रांगत शहरात उतरतो
आणि बालरुग्णालयाच्या पायरीपाशी पोचतो,
तर मुलं त्याच्याही आधी येऊन बसलेली.

अरिउनझुल, वय सत्तावीस.
सहा वर्षं मोठ्या माणसांचं शरीर शिकून आलेली.
मोठी माणसं सांगतात, इथे दुखतं,
परवापासून, रात्री जास्त.
खोटं बोलतात, पण बोलतात.
इथे सगळ्या दुखण्यांना मिळून एकच शब्द,
आणि तोही रडून म्हणायचा.

दुलमसुरेनबाई शिकवतात कमी, थांबवतात जास्त.
हिने स्टेथोस्कोप उचलला की, "थांब.
आधी चहाच्या पेल्याभोवती हात धर.
मग ती चकती तळव्यात धर.
मग दाराशी उभी राहा आणि नुसती बघ."
"काय बघू?"
"तो तुला बघतोय का, ते."

खाट सात. अकरा महिने. साडेसात किलो.
झावखानहून दोन दिवस जीपने आणलेला,
आजोबांच्या जाड अंगरख्याच्या आत, छातीशी.
नाव, एनेबिश.
म्हणजे 'हा नव्हे'.
आधीची दोन गेली की तिसऱ्याला असं नाव ठेवतात.
नेणारा दारात येऊन विचारू लागला
तर घरच्यांना खोटं बोलावं लागू नये.
(आपल्याकडचे दगडू, धोंडू
ओळखीचं हसतील.)

तिने पंधरा सेकंद मोजले, चारने गुणले.
"अडुसष्ट."
"कशाचे? श्वासाचे की रडण्याचे?"
ती गप्प.
"तो निजू दे. मग पुन्हा. पूर्ण एक मिनिट.
गुणाकार बाजारात करायचे."

ती बसली.
बरगड्यांखालची खळगी आत जायची, बाहेर यायची,
दुपट्यावरची लाल गाठ वर, खाली.
सव्विसाला आजोबांनी तपकिरीची कुपी काढली,
न उघडताच परत ठेवली.
चाळिसाला पलीकडची मुलगी झोपेत "घोडा" म्हणाली.
चौपन्न.

मग औषधाचा हिशेब.
किलोला इतके मिलिग्रॅम, दिवसाचे इतके भाग.
बाईंनी तिच्या कागदावर नख ठेवलं,
दशांशाच्या टिंबावर.
"मोठा माणूस हे टिंब चुकलं तरी पचवतो कधी कधी.
माझं एकदा चुकलं होतं.
एकोणीसशे ब्याण्णव. मुलगी होती."
नाव सांगितलं नाही.
खिडकीशी गेल्या, काचेवरचं बर्फ
आतून नखाने खरवडत राहिल्या.
ते बर्फ बाहेरून होतं.

रात्री चौपन्नाचे सत्तावन्न झाले.
मग एकसष्ट. नळी, प्राणवायू, दुसरं औषध,
बाईंना फोन, आणि फोनवर पुन्हा तेच,
"तू काय बघतेयस ते सांग. आकडा नंतर."
"नाकपुड्या फुलतायत. ओठ... ओठ ठीक आहेत.
माझ्याकडे बघतोय."
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
"मग तूही बघत राहा," बाई म्हणाल्या. "येतेय मी."

पाचव्या दिवशी त्रेचाळीस.
आजोबा वाकले, नातवाच्या टाळूवर नाक टेकवून
लांब श्वास घेतला. तिकडे मुका असाच घेतात, हुंगून.
मग बाजूला सरकले, तिला जागा करून दिली.
हे कुठल्या परीक्षेत विचारतील?
तिनेही हुंगलं.
दूध, मेंढीची चरबी, स्पिरिट,
आणि खाली कुठेतरी धूर, अजून.

वसंतात परीक्षा आहे, जाड पुस्तकं आहेत,
दोन वर्षांतली दीड अजून उरली आहेत,
आणि खाट सातवर आता दुसरं बाळ आहे,
चार महिन्यांचं, घट्ट गुंडाळलेलं.
ती त्याच्या छातीकडे बघत बसलीये.

दारातून कुणीतरी हाक मारली,
"एनेबिश?"
घरी सोडलेल्यांच्या फायली गोळा करणारा
कारकून असेल.
तिने मान वळवली नाही.
नुसतं एक बोट वर केलं, थांब,
आणि ओठांतल्या ओठांत
एकतीस, बत्तीस.