उद्यमबागेतलं लोखंड

माझ्या बनियनला चिकटून रोज
थोडं लोखंड घरी येतं.
कानाच्या पाळीमागं, नाकात,
आंघोळीच्या पाण्याखाली काळी रेघ.
पिरनवाडीच्या आमच्या गटारीत
एखादी खाण निघंल कधीतरी.

आणि नागाक्काच्या कार्डावर
कन्नडात लिहून आलं, सात पॉइंट एक.
"कब्बिण कमी," सिस्टर म्हणाली,
मग माझ्याकडं बघून, "लोखंड ओ, लोखंड."
मी हसलो.
हसायला नको होतं.

गोळ्या तिनं अकरा दिवस खाल्ल्या.
तोंडात खिळा चोखल्यागत चव, पोटात मुरडा.
उरलेल्या हळदीच्या डब्याशेजारी.

आता अंगणवाडीत पीठ मिळतंय तांदळाचं.
कॉलेजातला पोरगा सांगत होता,
केसाची जाडी घ्या, तिचे हजार भाग करा,
त्यातल्या एकाएवढा लोखंडाचा कण.
दिसणार नाही, लागणार नाही.
तीस वर्षं लोखंड वितळवून साच्यात ओततोय मी,
एवढं बारीक करायचं
आमच्यात कुणाला सुचलं नाही.

नागाक्कानं चिमूट नखावर घेतली,
उजेडाला धरली,
माझं लोहचुंबक मागून घेतलं.
काही हललं नाही.
"फसवतंय बघ पोरगं," म्हणाली
आणि आंबोळ्या घातल्या.
मी पण दोन खाल्लो. आंबोळीच ती.

जिना चढताना ती मध्ये थांबते,
कठडा धरून. बिडाचा, मीच ओतलेला.
आधी चौथ्या पायरीला थांबायची.
काल सहाव्या.
मी मोजत नाही म्हणतो तिला.