टेरेन्सचं ताट

रविवारी चर्च सुटल्यावर
क्लीव्हलँडच्या पूर्वेला, अर्नेस्टीनमावशीच्या स्वयंपाकघरात
वाद पेटला तो साखरेवरून.
मक्याच्या पावात साखर घालावी की घालू नये.
"साखर घातली की त्याला केक म्हणतात," मावशी म्हणाली,
"आणि आज कुणाचा वाढदिवस नाही."
कॉर्डेलमामा शिकागोत वाढलेला. त्याचं म्हणणं,
गोडाशिवाय मका म्हणजे कोंबड्यांचं खाणं.

मी सिंकपाशी, कॉलर्डची पानं धूत.
तीन पाण्यांनी. तिसऱ्यात वाळू दिसली, तर चौथ्याने.
दाताखाली कचकन आलं तर पाहुणा बोलत नाही,
पण विसरतही नाही.

फ्रिजवर चुंबकाखाली कसायाची पावती,
मयताची बातमी लावावी तशी :
बैलाचं शेपूट, अकरा डॉलर पौंड.
"माझी आई हे फुकट आणायची," मावशी म्हणाली,
"फेकायचा माल.
कुत्र्यासाठी नेते, असं सांगायची कसायाला.
आमच्याकडे कुत्रा नव्हता."

आणि परवा टीव्हीवर एक दाढीवाला शेफ
तेच शेपूट चिमट्याने बशीत ठेवत म्हणाला,
विस्मृतीत गेलेला पदार्थ.
कुणाच्या विस्मृतीत, बाबा?
मावशीने डाव पातेल्याच्या काठावर दोनदा आपटला.
तेवढंच.

मला डेपोतली ग्रेटा आठवली.
माझा डबा उघडला की तिचं ठरलेलं :
तुमच्यात हे कसं करतात गं?
तुमच्यात केस कसे धुतात, तुमच्यात ते नवं गाणं आवडलं का.
बाकावर मी एकटी बसलेली असते, पाय दुखत असतात,
आठ तास बस चालवून आलेली,
आणि तिच्या एका प्रश्नात
माझं अनेकवचन होतं.

बाहेरच्या खोलीत टेव्हियनची सिरियल चालू.
टेरेन्स, म्हणजे हिरोचा दोस्त, आपल्यातला,
हिरोला समजावत होता : जा, तिला सांग मनातलं.
धाकटी क्विंटेला सोफ्यावर उलटी लोंबकळत म्हणाली,
"हा जेवतो कधी?"

कुणाला आठवेना.
सहा सीझन.
हिरोने पिझ्झा खाल्ला, लग्नाचा केक खाल्ला,
आजारी पडला तेव्हा आईच्या हातचं सूप.
टेरेन्स दारात उभा. हातात कागदी कप,
आणि तोही रिकामा; बघा कसा हलतो, थेंब नाही सांडत.
"त्याला आई आहे?"
"दाखवली नाही."
"घर?"
"एकदा दार दाखवलं. बाहेरून."

कॉर्डेलमामा म्हणाला, "पावात साखर घालत नसेल त्याची आई.
म्हणून पोरगं घरी जात नाही."
मावशी हसली. इतकी, की कवळी सावरावी लागली.
मग टेव्हियन हळूच म्हणाला,
"पुढच्या भागात मरतो तो. मी वाचलंय."

मावशीने हात पुसले.
चांगल्यातलं ताट काढलं, निळ्या काठाचं.
शेपटाचे दोन तुकडे, नळीत मगज असलेले,
पानं, त्यांचा रस, पावाचा कोपरा, करकरीत, बिनसाखरेचा.
टीव्हीसमोरच्या स्टुलावर नेऊन ठेवलं.
"मग उपाशी तर नको," म्हणाली.

कुणी हसलं नाही.
आम्ही जेवायला बसलो. कॉर्डेलमामाने प्रार्थना जरा लांबवली.
टेरेन्स बोलत होता, वाफ त्याच्या तोंडावरून वर जात होती.

रात्री ताटावर फॉइल चढवून
मीच ते घरी आणलं; अन्न टाकतात का कुणी.
सोमवारी बाकावर उघडलं.
"आज कुणाचा डबा?" ग्रेटाने विचारलं, ताट बघून.
टेरेन्सचा, म्हटलं.
"तो कोण?"
"आमच्यातला."

यावर तिला काही सुचेना. मी नळी चोखली.
आणि पाव, मावशीला सांगू नका,
साखर हवी होती थोडी.