पाटी नाही

मंगळवारच्या बाजारातला गुलाब
आठव्या दिवशी उपटून पाहिला,
नुसती काडी, चिखलात खोचलेली,
फूल वरतून दोऱ्यानं बांधलेलं.

कोणी म्हणे, शेंदुरजन्याले जा.
कोणी म्हणे, पोळा झाला का
मिनीडोरवाला येते, थांब.
पोस्टमन उईके म्हणाला, देवकाबाई बोरकुटे,
कालव्यापल्याड. पाटीगिटी नाही.

देवकाबाईनं आधी पैसे नाही घेतले.
पिशवी फाडून मुळं दाखवली,
पांढरी, भिजल्या शेवयांसारखी.
"तुमच्या न्हाणीचं पानी कुठी जाते?"
मी गप्प.
"पाहून या मंग. मोगरा कुठी पळते?"

रिकामी टोपली सायकलला वाजत राहिली.
घरामागे पहिल्यांदाच गेलो,
साबणाच्या पाण्याच्या मागं मागं,
कुंपणापर्यंत.