काचपट्टी २१७

मे महिना. मेडिकलच्या तिसऱ्या मजल्यावर
कूलरमधलं पाणी संपलंय,
नुसता वाळ्याचा वास फिरतोय.
मी माउसने एकेक पेशी कुंपणात घालतेय.
सकाळपासून चारशे बारा.
गोल, गोल, थोडी चेपलेली, गोल,
मग दोन एकमेकींना खेटून बसलेल्या.
त्यांच्यामधून रेघ ओढताना मी श्वास धरते.

निनाद भोयरचं यंत्र हेच काम चार सेकंदांत करतं.
मग त्याचं कुंपण माझ्या कुंपणावर ठेवायचं:
दोघांत सामाईक सापडलेली जागा
भागिले दोघांनी मिळून अडवलेली जागा.
मोजणीदाराच्या लेकीला हे शिकवावं लागत नाही.
कुणाचा बांध किती सरकला,
बाबा जन्मभर साखळी घेऊन तेच बघत फिरले,
काटोल, नरखेड, दोन्हीकडच्या शिव्या खात.

अर्ध्याहून जास्त जुळलं तर पेशी सापडली म्हणायचं.
नाही तर चुका दोन:
त्याची एक आगाऊ, माझी एक हरवलेली.
आणि खेटलेल्या दोघींना त्याने एकच समजलं तर?
हिच्याशी अर्धं, तिच्याशी अर्धं,
अर्ध्याहून जास्त कुणाशीच नाही.
दोघीही गेल्या.

"काऊन वो मॅडम," निनाद म्हणतो,
"सरासरी पॉइंट त्र्याण्णव आली,
आता अजून काय पाह्यजे?"

मी त्याला पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात नेते.
तिथे ती. कापून टाकलेल्या नखासारखी,
दोन्ही टोकं टोचरी. विळा.
गोल पेशीची कड एक ठिपका सरकली
तर तिचं काही बिघडत नाही.
हिची सरकली तर ही उरतच नाही.
चारशे बारांत अशा तीन,
तिन्ही त्याच्या कुंपणाबाहेर,
आणि सरासरीला पत्ता नाही.

"मग विळ्यांची वेगळी काढू?"
काढ.
"शून्य येईल."
येऊ दे. शून्य लिही.

हीच पट्टी मागच्या आठवड्यात
मेश्राम बाईंनी आखली होती.
त्यांच्या रेघांवर माझ्या रेघा ठेवल्या:
पॉइंट सत्याऐंशी.
वीस वर्षं एका टेबलावर डबा खाऊन
आम्ही एवढ्याच जुळतो.
तिसरा विळा तर त्यांनी
रंगाचा डाग म्हणून सोडून दिलेला.
फोन केला. म्हणाल्या,
"उद्या पाहून घेऊ, चष्मा बदलून."
म्हणजे यंत्राला आज जे खरं म्हणून दिलंय
ते उद्या चष्म्यावर ठरणार.

पट्टीच्या लेबलावर निळी शाई:
मुलगी, वय नऊ, देवलापार. हाडं दुखतात.

निनाद खाली तर्री-पोहे आणायला गेलाय.
मी तिसऱ्या विळ्याची कड पुन्हा आखते,
एक ठिपका आत.